हललेलं आकाश

मोबाईलवर तो जुना अंतराळवीरांचा सिनेमा लावलाय, आई गेल्यानंतर पहिल्यांदाच, आणि एका जागी बसवत नाही. लहानपणी गावी, सानगडीला, टीव्हीवर पाहताना चंद्रावर उतरलेल्या वीरामागचं आकाश हललं होतं. आम्ही सगळे वीराकडे पाहत होतो. आई त्याच्या मागे. दिवाळीनंतर गावात भरणाऱ्या मंडईच्या जत्रेतल्या नाटकात रंगवलेला पडदा मागून धरायचं काम तिचं असायचं.

“पडदा हालला ना! मागं धरणाऱ्याचे हात भरून आले असन,” म्हणत ती उठलीच आणि तिनं टीव्हीमागे हात घातला.

“काहून उठून राहिली? आकाश हाये ते,” बाबा हसले. मीही हसलो.

आज तेवढाच प्रसंग मी पुन्हा पुन्हा मागे नेतोय. नव्या, साफ केलेल्या प्रतीत आकाश जराही हलत नाही. त्याच्यामागे आता कोणीच नाही.