ग्रेडर मुनेश्वरांनी वणी निवडली

राळेगावच्या सरकारी कापूस खरेदी केंद्रावर उकंडा मुनेश्वरांनी एकतीस वर्षं लोकांच्या कापसात हात घातला. बंडी रांगेतून पुढे आली, की ते चाकावर पाय देऊन वर चढायचे, बाही सारायचे आणि उजवा हात कोपरापर्यंत आत खुपसायचे. वरच्या कापसाकडे ते ढुंकूनही पाहायचे नाहीत. वर दुधासारखा पांढरा आणि मधे कवडी, म्हणजे पिवळा पडलेला किडका कापूस, असा प्रकार त्यांनी शेकड्यानं पाहिला होता. आतला पुंजका काढायचा, दोन्ही हातांच्या चिमटीत धरून हळूच ओढायचा, धागा किती लांब येतो ते पाहायचं, पुंजका गालाला लावून ओल जोखायची आणि ग्रेड सांगून खाली उतरायचं. शंका आली तर दुसऱ्या कोपऱ्यातून पुन्हा एकदा हात घालायचा. सगळं मिळून दोन-तीन मिनिटांचं काम.

त्या दोन-तीन मिनिटांवर समोरच्या माणसाचं वर्ष ठरायचं, हे त्यांना ठाऊक होतं. शेवटची सात-आठ वर्षं तर फारच वाईट गेली. बोंडअळीनं पीक खाल्लं, भाव पडले, केंद्रं उशिरा उघडू लागली. तीन-तीन दिवस बंड्यांची रांग रस्त्यापर्यंत उभी असायची. बैलांच्या पुढचा कडबा संपायचा, माणसं बंडीखालीच भाकर खायची. असा ताटकळलेला माणूस हात जोडून म्हणायचा, "साहेब, वरूनच पाहून घ्या न."

"वरचं पाहून भागलं असतं त सरकारनं मले कायले ठेवलं असतं?" असं म्हणून उकंडाजी बाही सारायचे.

माणूस बेइमान नव्हता. कोणाचा चहा प्यायला नाही, की ओळखीच्या बंडीला वरची ग्रेड दिली नाही. त्यामुळे ओळखीचे लोक शिव्या द्यायचे, अनोळखी तर द्यायचेच. पण मुनेश्वर ग्रेडर फसत नाही, हे मात्र शिव्या देणाराही कबूल करायचा. याचा त्यांना गर्व होता. एवढा गर्व बरा नव्हता, पण तो होता.

त्यांच्या नावाची गोष्ट ते स्वतःच हसत सांगायचे. आधीची दोन लेकरं गेली, म्हणून आईनं तिसऱ्याला जन्मल्याबरोबर उकिरड्यावर ठेवलं, परत उचललं आणि नाव ठेवलं उकंडा, म्हणजे उकिरडाच. हा कचरा आहे असं समजून मरणानं पुढं निघून जावं, एवढाच हेतू. "मरणानं वरवर पाह्यलं अन् फसलं," असं उकंडाजी म्हणायचे. आपण मात्र तसे फसणारे नव्हतो, असा त्याचा उरलेला अर्थ.

आता घरातली गोष्ट. बायको प्रभावती. सातवीत शाळा सुटलेली, पण वाचायचा भारी नाद. किराण्याची पुडी ज्या कागदात आली तो कागदसुद्धा ती वाचून मगच चुलीत घालायची. तिची मोठी बहीण रुखमाबाई पुसदला राहायची. पावसाळ्यातल्या तीन महिन्यांत तिथल्या बुद्धविहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन असतं. एका वर्षी बहिणीच्या आजारपणात प्रभावती दोन महिने तिकडे राहिली. नेहमी वाचणाऱ्या बाईचा घसा बसला, म्हणून एक दिवस हिच्या हातात ग्रंथ दिला, तर पुढचे दोन महिने कोणी परत मागितलाच नाही. पांढरी साडी नेसून ती वाचायची आणि साठ-सत्तर बाया ऐकायच्या. राळेगावला परतल्यावर तिनं हे नवऱ्याला सांगितलं, तेव्हा खरेदीचा हंगाम तोंडावर आला होता. उकंडाजी "चांगलं झालं" म्हणाले आणि जेवायला बसले.

त्याच सुमारास रुखमाबाईच्या आग्रहानं त्यांनी पुसदला एक प्लॉट घेऊन ठेवला. नोकरीनंतर तिथं घर बांधू, असं तेव्हा सहज बोलणं झालं होतं. पुढं मुलगा धम्मदीप वणीला कोळशाच्या खाणीत इलेक्ट्रिशियन म्हणून लागला, त्याचं लग्न झालं, सून उर्वशी खाजगी शाळेत शिकवू लागली, नात मैत्रेयी झाली, आणि आणखी एक रस्ता फुटला. निवृत्तीला वर्ष राहिलं, तेव्हा प्रश्न उभा राहिला तो हा: वणी की पुसद?

एकाच जिल्ह्यातली गावं, पण एकाचं दुसऱ्याशी काही जुळत नाही. वणीत कोळसा, ट्रक, तीन पाळ्या आणि हातात पगार असलेली माणसं. पुसदला नदी, पलीकडे डोंगर, शाळा-कॉलेजं आणि निवांत भरणारा भाजीबाजार. उकंडाजींनी ठरवलं, की उगीच चर्चा नको. दोन्हीकडे जायचं, नमुना घ्यायचा, निकाल द्यायचा.

वणीला ते गेले चौदा एप्रिलला. आता जयंतीच्या दिवशी कोणतं गाव वाईट दिसेल? रस्ते धुतलेले, कमानी, निळे झेंडे. ट्रक त्या दिवशी गावाबाहेरच थांबवलेले. कॉलनीतल्या पोरांनी 'धम्मदीपचे बाबा, मोठे ग्रेडरसाहेब' म्हणून त्यांना व्यासपीठावर बसवलं आणि खांद्यावर शाल घातली. एकतीस वर्षं शिव्या खाल्लेल्या माणसाला ती शाल किती ऊबदार वाटली असेल, ते एप्रिलच्या उन्हालाही कळलं नसेल. संध्याकाळी मैत्रेयी त्यांच्या मांडीवर बसून मिरवणूक पाहत होती. त्यांचं तिथंच ठरलं.

तरी न्याय म्हणून ते पुसदला गेलेच, पण भर मे महिन्यात, एकटे. नळाला पाणी नव्हतं. रुखमाबाई बाहेरगावी गेलेली. प्लॉटवर बाभळीची झुडपं माजलेली, सावलीला एक पान नाही. तासभर उन्हात उभे राहून ते परतीच्या एसटीत बसले. विहार कोणत्या गल्लीत आहे, हेही त्यांनी विचारलं नाही.

घरी आल्यावर त्यांनी प्रभावतीला विचारलं. विचारलं नाही, असं त्यांना कोणी म्हणू शकणार नाही. ती ओसरीवर सुपात तूरडाळ निवडत बसली होती.

"वणीले धम्मदीप हाय, मैत्रेयी हाय. पुसदले प्लॉट हाय. तू काय म्हणतं?"

प्रभावतीचा हात सुपात थांबला. क्षणभरच. मग डाळ पुन्हा सरकू लागली.

"मले काय इचारता? तुमी म्हणान तसं."

उकंडाजींना हायसं वाटलं. बाई समजूतदार आहे, असं मनात म्हणून ते हातपाय धुवायला गेले. पुढच्या दोन महिन्यांत प्लॉट विकला आणि त्यातून वणीत खाणीच्या रस्त्याला दोन खोल्यांचं घर घेतलं. धम्मदीपचं क्वार्टर तिथून हाकेच्या अंतरावर होतं.

निवृत्त होऊन तिथं राहायला गेल्यावर पहिलं वर्ष बरं गेलं. निदान उकंडाजींचं गेलं. सकाळी नातीला शाळेत सोडायचं, चौकात पेपर, जुन्या गोष्टी. प्रभावतीचं काय चाललं होतं? धम्मदीपच्या पाळ्या बदलत्या, उर्वशीची शाळा, म्हणून त्या तिघांचे डबे हिच्याकडून जायचे. एक पहाटेचा, एक दुपारचा, एक संध्याकाळचा. रस्त्यावरून कोळशाचे ट्रक जायचे आणि वाळत घातलेल्या कपड्यांवर काळी भुकटी बसायची. पांढरी साडी तिनं पहिल्याच पौर्णिमेनंतर पेटीत ठेवली. विहार इथंही होता, वाचनही होतं, पण ते एका निवृत्त मास्तरांकडे होतं आणि ती वेळ डब्याची होती. तिनं तक्रार केली नाही, म्हणून तक्रार नाही असं उकंडाजी धरून चालले.

तिसऱ्या वर्षी धम्मदीपची बदली चंद्रपूरकडच्या खाणीवर झाली. नोकरी म्हटली की बदली आली. त्याला तिकडे मिळालेलं क्वार्टर एवढंसं, त्यात उर्वशी आणि मैत्रेयीच कशाबशा मावणार होत्या. टेम्पोत सामान भरताना धम्मदीप म्हणाला, "बाबा, जम बसला का तुमाले घेऊन जातो." त्याचा जम बसायचाच राहिला. ज्याच्यासाठी वणी निवडली तो वणीत नाही, आणि हे दोघं मात्र आहेत. शाल ट्रंकेत आहे. चौकातल्या नव्या पोरांना मुनेश्वर ग्रेडर कोण, ते माहीत नाही. घर विकायला काढलं, पण खाणीतल्या सुरुंगांनी भिंतींना तडे गेलेले, घेणार कोण?

गेल्या हिवाळ्यात रुखमाबाईच्या नातवाचं लग्न निघालं, म्हणून दोघं पुसदला गेले. लग्न आटोपलं, दुसऱ्या दिवशी सकाळी प्रभावती म्हणाली, "जरा पायी फिरून येऊ." कुठं ते सांगितलं नाही. ती पुढे, हे मागे. दोन वळणं घेऊन ती थांबली तेव्हा उकंडाजींनी ओळखलं. बाभळी गेल्या होत्या. घर उभं होतं. तो प्लॉट जवळच्याच बंजारा तांड्यातल्या शंकरसिंग मास्तरांनी घेतला होता. त्यांची बायको अंजू अंगणात कपडे वाळत घालत होती. दोरीवर एक पांढरीशुभ्र चादर होती.

"काकू, तुमीच न ज्यायचा प्लॉट होता? या न आत." अंजूनं ओळख दाखवली आणि आत वळून सासूला हाक दिली, "याडी, पाहुणे आले!" म्हातारीनं चहा टाकला. अंजूनं कौतुकानं घर दाखवलं. प्रभावती प्रत्येक खोलीच्या दारात थोडी थांबत होती. सगळ्याला छान म्हणाली, चहा अर्धा ठेवला, पोराच्या हातात खाऊ दिला आणि बाहेर आली.

रस्त्यावर आल्यावर ती वळून उभी राहिली. मग बोटानं हवेत दाखवत बोलू लागली.

"सैपाकघर त्यायनं मागं घेतलं. मी पुढं घेतलं असतं, रस्त्याच्या अंगानं. सैपाक करता करता येनारे-जानारे दिसतात. तिकडं डोंगराच्या बाजूनं खिडकी. मोठी. खिडकीखाली बसाले ओटा. संध्याकाळी तथी बाया बसल्या असत्या, अन् मी वाचून दाखोलं असतं. विहारात तीनच महिने असते वाचन. घरी त बाराही महिने झालं असतं. दार कोन्या रंगाचं, तेही मी ठरोलं होतं."

या बाईच्या डोक्यात बारा वर्षं एक घर बांधून तयार होतं, आणि त्यांनी ते बाभळीचं रान म्हणून विकलं होतं.

"मंग तवा काहून नाही सांगतलं?" त्यांचा आवाज चढला. स्वतःवर आलेला राग माणूस जवळच्यावरच काढतो. "मी त इचारलं होतं तुले!"

"हाओ. इचारलं होतं."

"मंग?"

"एकडाव इचारलं अन् हातपाय धुवाले गेले." ती चिडली नव्हती, हेच जास्त वाईट होतं. "लोकाच्या कापसात त तुमी दोनदोनडाव हात घालत होते."

तेव्हा त्यांना ते सूप आठवलं. थांबलेला हात आठवला. तो त्यांनी पाहिला होता, पाहूनही सोडून दिला होता. एकतीस वर्षं ज्या माणसानं वरचा कापूस कधी हातात धरला नाही, त्यानं स्वतःच्या घरातलं एक वाक्य वरच्यावर उचललं आणि त्यावर दोघांचं म्हातारपण तोलून टाकलं. त्यांना वणी हवी होती, म्हणून ते वाक्य त्यांना पांढरं दिसलं. एवढी साधी गोष्ट होती, आणि ती उलटी करण्याचा आता कोणताही मार्ग नव्हता. भर रस्त्यात त्यांना रडू आलं. प्रभावतीनं त्यांच्या हातातली पिशवी घेतली आणि म्हणाली, "चला, बस जाईन."

वणीला परतल्यापासून उकंडाजी बदलले आहेत. ते आता प्रत्येक गोष्ट विचारतात. भाजी कोणती आणू, खाट कुठं टाकू, चंद्रपूरला कधी जायचं. विहारात तिलाही एक दिवस वाचू द्या म्हणून ते तिथल्या निवृत्त मास्तरांकडे जाऊनही आले. मास्तर हो म्हणाले. प्रभावती म्हणाली, आता चष्म्यातूनही अक्षर लागत नाही.

सकाळचा चहा हल्ली तेच करतात. पातेल्यात पाणी ठेवून आत येतात आणि खाटेजवळ उभं राहून विचारतात, "अद्रक टाकू का नको?"

"तुमी म्हणान तसं."

"नाही, तू सांग. तुले कसा पायजे?"

"कसाबी चालते."

ते तिसऱ्यांदा विचारतात. प्रभावती थोडं हसते आणि खिडकीकडे पाहते. खिडकीतून रस्ता दिसतो, रस्त्यावरून ट्रक जातात. तिला खरंच कसाही चालतो, की अजून आत काही आहे, हे उकंडाजींना आता ओळखता येत नाही. तिकडे पाणी उकळून उकळून अर्धं होतं. मग ते परत जातात आणि अंदाजानं अद्रक टाकतात.