भागाफुईनं पाहिलेलं स्थळ

धरणगावात आमच्या गल्लीत कुणाच्या मुलीचं लग्न काढलं की आधी माझ्या फुईला बोलावणं यायचं. फुई म्हणजे वडिलांची बहीण, भागाबाई. शाळेची पायरी तिनं कधी चढली नाही, पण स्थळाची चौकशी करावी तर तिनंच. मुलाच्या घरी ती नुसतं पाणी प्यायची आणि तेवढ्यात माठ झाकलेला आहे का, थोरली सून हसते का, सासू तिला कसली हाक मारते, सगळं टिपून घ्यायची. शेजाऱ्याला मात्र कधी विचारायची नाही. शेजारी एक तर सोयरा असतो नाही तर वैरी, असं तिचं मत. ती चार घरं पलीकडे जाऊन विचारायची.

आणि मी? नाव कोकिळा, पण परक्या माणसापुढे आवाज फुटेल तर शपथ. टायपिंगच्या परीक्षा पास झाले होते. सत्याऐंशी साली धुळ्याला एका ऑफिसात मुलाखतीला गेले. साहेबांनी नाव विचारलं आणि मी ते टेबलालाच सांगितलं. त्यांनी दोनदा "काय?" म्हटलं आणि पुढच्या मुलीला आत बोलावलं. घरी येऊन मी जाहीर केलं, आता माझ्यापुढे नोकरीचं नाव काढू नका. खरं म्हणजे मला ती इतकी हवी होती, की जेवतानासुद्धा माझी बोटं ताटाच्या कडेवर टायपिंग करायची.

फुईनं एकच विचारलं, "त्या हापीसबद्दल तुले काय माहीत व्हतं?"

काहीच नव्हतं. फुईनं कपाळाला हात लावला.

"पोर देवाना आगोदर घर देखतस. तू तं दिनभर तठे ऱ्हाशी. बिगर देखता कशी जाशी? आते आपू देखाले जासूत, दखाडाले नही." मुलगी देण्याआधी घर पाहतात, तसं आता ऑफिस पाहायला आम्ही जायचं, स्वतःला दाखवायला नाही.

पेपरात जळगावच्या दोन जाहिराती होत्या. दुसऱ्याच दिवशी फुईनं मला एसटीत घातलं. पहिल्या कंपनीला काचेचं दार आणि दारात कुंड्या. मी तर पाहूनच भाळले. फुई चार दुकानं पलीकडच्या पानवाल्याकडे सुपारी घ्यायला गेली आणि तोंड वाकडं करून परतली. तिथं कुणी वर्षभर टिकत नव्हतं.

"वरतून कीर्तन आनि मझार तमाशा," ती म्हणाली आणि चालू लागली.

दुसरी जाहिरात एमआयडीसीतल्या डाळ मिलची. जेवणाच्या सुटीत डाळ निवडणाऱ्या बायका लिंबाखाली बसल्या होत्या. फुईनं सरळ त्यांच्यात बसून भाकरी सोडली, सगळ्यांना ठेचा वाटला, आणि भाकरी संपेपर्यंत मिलची कुंडली तिच्या हातात आली. शेठ बन्सीलाल तापट, पण राग चहा येईपर्यंतच. पगार वेळेवर. मूल आजारी पडलं तर सुटी. आधीची टायपिस्ट लग्न होऊन सुरतेला गेली आणि जाताना रडली.

"रडनी ना? मंग घर चांगलं शे," फुई म्हणाली.

खोट एकच होती. मशीनच्या घरघरीत तिथं सगळे ओरडूनच बोलायचे. आणि माझा आवाज तर टेबलापर्यंतच पोचायचा.

मग फुईनं मला शेतात नेलं. ती एका टोकाला कापूस वेचत बसायची, मला दुसऱ्या टोकाला उभं करायची आणि तिथून प्रश्न विचारायची. नाव काय? शिक्षण किती? मी उत्तर दिलं की ती म्हणायची, "आयकू नही येस." रोज हेच. शेवटी शेजारच्या शेतातले झुलालनाना बांधावर येऊन म्हणाले, "भागाबाई, पोरनं नाव कोकिळा शे, आम्हले पाठ व्हयनं आते." त्या दिवशी मी इतकी हसले, की भीती निम्मी तिथंच सांडली.

मिलमधून बोलावणं आलं. मुलाखतीला फुई दाराशी बाकावर बसली. मी खणखणीत नाव सांगितलं. शेठ चमकून ताठ बसले.

"काय काय येतं?" त्यांनी विचारलं.

हा प्रश्न मला आजवर फक्त पाहायला आलेल्यांनी विचारला होता. तोंडातून निघून गेलं, "खापरावरचे मांडे."

मिलभर ऐकू गेलं असणार. शेठ हसता हसता खोकायला लागले. मलाही हसू आलं. म्हटलं, "टायपिंगही येतं. मराठी आणि इंग्रजी, दोन्ही." त्यांनी एक पत्र टाइप करायला दिलं. मी केलं. ते वाचून शेठ म्हणाले, "सोमवारपासून या."

इतक्यात फुई बाकावरून उठली. उभ्या उभ्या होकार देणं तिच्या शास्त्रातच नव्हतं.

"इचार करीसन सांगसूत, शेठ. इतली घाई कसाले?"

मोठी माणसं बोलत असताना मी मध्ये कधीच बोलले नव्हते. आणि फुईपुढे तर माझे वडील, आबासुद्धा बोलत नसत.

"विचार झालाय, फुई," मी म्हणाले. शेतातल्याच आवाजात म्हणाले. "मला पसंत आहे. शेठ, मी सोमवारी येते."

फुईनं पदर खोचला. मग लिंबाखालच्या बायकांना सांगायला ती धावतच बाहेर गेली, "पोर बोलनी वं माय, मन्हा शब्दना वरतून बोलनी."