देविदास कंडक्टरचा सुई-दोरा

पुसेगावच्या बसथांब्यावर लोखंडी बाकडं बसलं, त्याच्या दुसऱ्याच दिवशी देविदास गडदे सकाळची गाडी धरून हिंगोलीला गेले. 'गावसोबत' संस्थेचं कार्यालय शोधून काढलं आणि दारातूनच विचारलं, "पुसेगावचं बाकडं कोन्या शहाण्यानं बसवलं?"

टेबलामागे प्रतिक्षा बसली होती. पोरगी कळमनुरीची, वय सव्वीस-सत्तावीस, सेनगाव तालुक्यातली संस्थेची कामं तिच्याकडे होती. ती उठून उभी राहिली. "काका, काय झालं?"

"उन्हात बसवलंय. सकाळी दहापासून चारपर्यंत तिथं टेकणारा मानूस भाजून निघतो. आन् मागं दहा फुटांवर लिंबाची सावली रिकामी पडलीय. बसवणाऱ्यानं कधी गाडीची वाट पाहिली न्हाई, इतकं मला समजलं."

प्रतिक्षाला राग आला नाही. ती म्हणाली, "उद्या माणसं पाठवते. तुम्ही उभं राहून हवं तिथं बसवून घ्या."

देविदासरावांनी बाकडं हलवून घेतलं. पाय सिमेंटमध्ये पक्के होईपर्यंत कुणाला बसू दिलं नाही, दोन दिवस स्वतः राखण केली. तिसऱ्या दिवशी प्रतिक्षाचा फोन आला. शाळेच्या पाण्याच्या टाकीचं काम सुरू होतंय, तिथं लक्ष द्याल का, म्हणून. अशा रीतीनं देविदासराव संस्थेचे स्वयंसेवक झाले. फॉर्म वगैरे त्यांनी नंतर भरला.

एसटीत त्यांनी एकोणतीस वर्षं कंडक्टरकी केली होती. आवाज खणखणीत, स्मरणशक्ती पक्की आणि स्वभाव तापट. कोणत्या वाडीवर कोण उतरतं, कुणाची लेक कुठं दिली आहे, हे त्यांना पाठ असायचं. निवृत्तीनंतर चार महिने ते घरी बसले आणि घरातल्यांचे हाल झाले. स्वयंपाकघरात दोन माणसं उभी दिसली तरी ते "आत सरका, आत सरका" म्हणायचे. त्यांची बायको नर्मदाबाई शेवटी म्हणाली होती, "आवो, गाडी डेपोत लागली. आता तुमी खाली उतरा."

संस्था चालायची ती देणग्यांवर. पुण्यामुंबईतली काही मंडळी, परदेशी स्थायिक झालेली काही, असे लोक वर्षाला पैसे पाठवायचे आणि कशासाठी ते सांगायचे. त्या वर्षी मोठी देणगी आली होती ती डोळ्यांसाठी. खेड्यातल्या चाळिशीपुढच्या लोकांचे डोळे तपासायचे, लागेल त्याला चष्मा द्यायचा, मोतीबिंदू असला तर ऑपरेशन करून आणायचं. सगळं मोफत. डोळे तपासणारा विकास नावाचा माणूस पगारावर ठेवलेला होता. तरी शिबिरं ओस पडायची.

एका गावात तर शाळेच्या वर्गात सकाळपासून संध्याकाळपर्यंत चौदा माणसं आली. त्यातल्या नऊ जणांच्या नाकावर आधीच चष्मा होता. बाईमाणूस एकच. देणगीदारांचं पत्र आलं: लोकांना गरज नसेल तर पुढच्या वर्षी हे काम दुसऱ्या जिल्ह्यात करू.

प्रतिक्षानं पत्र वाचून दाखवलं तेव्हा देविदासराव खुर्चीतून उठलेच.

"गरज न्हाई? मी एकोणतीस वर्षं लोकांच्या हातातलं सुटं घेतलंय बाई. अर्ध्या बाया नाणं आंगठ्यानं चाचपून द्यायच्या. नोट डोळ्याला लावून पाहायच्या. या जिल्ह्यात किती लोकाला दिसत न्हाई, ते मला इचारा."

"मग येत का नाहीत?"

"येतील कशा? तुमी दवंडी देता, 'डोळे तपासून घ्या'. ज्याला आंधळं म्हनून घ्यायचं हाय, तोच येईल. सून काय म्हनंल, गाव काय म्हनंल? आन् शिबीर ठेवता शाळंत. शाळंत म्हातारी बाई कशाला जाईल? तिला शाळंनं लहानपनीच घेतलं न्हाई."

"तुम्ही काय कराल?"

देविदासरावांनी खिशातून सुई आणि काळा दोरा काढला. तो त्यांनी नर्मदाबाईच्या डब्यातून आणला होता. "एवढंच इचारीन. दोरा ओवता येतो का."

प्रतिक्षानं त्यांच्या हातातल्या सुईकडे बोट केलं. "आधी तुम्ही ओवा, काका."

त्यांनी सुई लांब धरली, जवळ धरली, दोरा तोंडात ओला केला. पाचव्या वेळी विकासला हसू आवरेना. त्या दिवशी संस्थेच्या यादीत पुसेगावचं पहिलं नाव चढलं ते देविदास गडदे यांचं. चष्मा लावून त्यांनी पहिल्या झटक्यात दोरा ओवला आणि म्हणाले, "बराबर. आता मला कोनी न्हाई म्हनू शकत न्हाई."

पुढच्या आठवडी बाजारात त्यांनी भाजीच्या ओळीच्या टोकाला सतरंजी अंथरली. कुणाला डोळ्यांबद्दल काही विचारलं नाही. "मावशी, एवढा दोरा ओवून द्या," म्हणायचे आणि सुई पुढं करायचे. बायका थांबायच्या. एकीला जमलं नाही की दुसरी हसून पुढं यायची, तिलाही जमायचं नाही. मग देविदासराव आपला चष्मा पुढं करून म्हणायचे, "मलाबी जमत नव्हतं." बाजार उठेपर्यंत विकासनं त्रेसष्ट जणांचे डोळे तपासले. त्यात एकेचाळीस बायका होत्या.

तीन बाजार असेच गेले. देविदासरावांची छाती फुगली. चौथ्या आठवड्यात त्यांनी जाहीर केलं, "आता तांडा."

बंजाऱ्यांचा तांडा पुसेगावपासून सहा-सात किलोमीटरवर, माळाच्या अंगाला. साठ-सत्तर घरं. तांड्याचे नाईक रूपसिंग राठोड यांनी मारुतीच्या पारावर जागा करून दिली, चहा ठेवला. पण सुई हातात घ्यायला कुणी पुढं येईना. बायका लांब उभ्या राहून एका म्हातारीकडे बघत होत्या. म्हातारी आपल्या ओट्यावर पाठ ताठ करून बसली होती. हातात कोपरापर्यंत पांढऱ्या बांगड्या, अंगात आरशांच्या भरतकामाची जुनी काचळी.

"त्या मोतीबाई," रूपसिंग हळूच म्हणाले. "साऱ्या तांड्याला टाका घालायला त्यांनी शिकवलं. त्यांनी सुई धरली तर बाया धरतील. पन त्यांनी सात-आठ वर्षं झाली, टाका घातला न्हाई. मन उठलं म्हनतात."

देविदासराव ओट्यापाशी गेले. "मोतीबाई, एवढा दोरा ओवून द्या."

म्हातारीनं मान वळवली. चेहऱ्याकडे न बघता, आवाजाकडे कान देऊन. "तू कंडक्टर न्हवं का?"

"व्हय, होतो. वळखलं तुमी!"

"आवाजावरून वळखलं. जा तू. तुझ्या हातून मला काई नको."

सगळा तांडा ऐकत होता. देविदासरावांना कुणी असं परत पाठवलं नव्हतं. ते म्हणाले, "काहून? माझ्याकून काय चूक झाली?"

मग मोतीबाईनं सांगितलं. सावकाश, एकही शब्द न गाळता. अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट. सेनगावला तिच्या भाचीची हळद होती. हिंगोलीच्या स्टँडवर ती एकटीच गाडीला आली. वाचता येत नव्हतं, पण सेनगावच्या पाटीवरचं पहिलं अक्षर तिला माहीत होतं, डोक्यावर काडी असलेलं. त्या दिवशी ती काडी तिला दिसेना. म्हणून तिनं दारातल्या कंडक्टरला विचारलं, ही सेनगावची व्हय का. तो गर्दीकडे बघत म्हणाला, चढा, चढा. गाडी निघाली वाशिमकडे. तिकीट फाडताना घोळ कळला तेव्हा कनेरगाव नाका जवळ आला होता.

"तू साऱ्या गाडीसमोर काय म्हनला? 'डोळे हायेत का बटनं लावलीत? पाटी दिसत न्हाई?' लोकं हसले. मला नाक्यावर उतरवून दिलं. धाब्याच्या भिंतीला टेकून मी चार घंटे बसले. हळद लागून गेली. त्या दिवसापासून मी एकटी गाडीत बसले न्हाई." ती थांबली. "आन् आज तूच इचारून राहिला, दिसतं का म्हनून."

विकास खाली बघू लागला. प्रतिक्षा काही बोलायला पुढं झाली, पण देविदासरावांनी हात करून तिला थांबवलं. ते तो दिवस आठवायचा प्रयत्न करत होते. आठवत नव्हता. तसले दिवस इतके होते की त्यातला हा एक वेगळा निघत नव्हता, आणि तेच त्यांना लागलं.

"मोतीबाई," ते म्हणाले, "मला आठवत न्हाई. खोटं कशाला बोलू. पन मी म्हनलोच असंल. मी असंच बोलत होतो लोकाला."

"साऱ्यांसमोर बोलला होता. मला एकटीला सांगून काय व्हते?"

देविदासराव पाराकडे वळले. एकोणतीस वर्षं भरल्या गाडीच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचलेला तो आवाज. त्या आवाजात त्यांनी सांगितलं, "ऐका. या बाईनं मला सरळ इचारलं होतं, गाडी कुठं जाते. ते सांगायचं माझं काम होतं, त्याचा मी पगार घेत होतो. मी सांगितलं न्हाई आन् वरून चारचौघांत तिचंच हसं केलं. तिच्या भाचीची हळद माझ्यामुळं हुकली. चूक माझी. मी माफी मागतो." आणि त्यांनी ओट्याला हात लावून नमस्कार केला.

रूपसिंगांच्या हातातला चहा तसाच राहिला.

मोतीबाईनं आवाजाच्या दिशेनं तोंड केलं. मग हात पुढं केला. "आन ती सुई."

तिला ओवता आला नाही. तिनं तीनदा केलं आणि सुई विकासच्या हातात देऊन म्हणाली, "मन उठलं न्हवतं लेकरा. टाका दिसत न्हवता. कुनाला सांगावं?" दारात उभी असलेली तिची सून निता एकदम आत निघून गेली. तांदळात खडे राहतात म्हणून त्याच सकाळी ती सासूला बोलली होती.

विकासनं तपासलं. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पूर्ण पिकलेला, डाव्यात सुरू झालेला. ऑपरेशन लागणार होतं. मोतीबाई म्हणाली, "करा. पन गाडीनं जायचं तर हा कंडक्टर बराबर पायजे. यानंच उतरवलं होतं, यानंच न्यावं."

त्या दिवशी पारावर संध्याकाळपर्यंत रांग होती.

ऑपरेशनला नांदेडला जायचं होतं. देविदासराव पहाटेपासून तयार. स्टँडवर मोतीबाईचा हात धरून त्यांनी तिला खिडकीपाशी बसवलं, निताला तिच्या शेजारी. प्रत्येक थांब्याचं नाव मोठ्यानं सांगत राहिले. डोंगरकडा आलं तसं गाडीतले बाकीचे लोकही त्यांनाच विचारू लागले, आता कोणतं गाव. गाडीचा खरा कंडक्टर तरुण होता. तो हसून म्हणाला, "काका, तिकिटं तरी मला फाडू द्या."

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली. नर्सनं विचारलं, आजी, समोर कोण दिसतंय? मोतीबाईनं देविदासरावांना वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "अरे देवा. तू तर म्हातारा झाला!"

दोन महिन्यांनी डाव्या डोळ्याचंही झालं. मग जवळचा चष्मा आला आणि तिनं पेटीतून आरशाच्या काचा आणि दोरे काढले. हात पहिल्यासारखा चालत नव्हता, टाके वाकडे पडायचे. ती उसवायची, परत घालायची. निता आता तिच्याशेजारी बसून शिकत होती. दोघींचं भांडण व्हायचं, पण ते रंगांवरून.

मार्चमध्ये देणगीदारांपैकी एक बाई पुण्याहून आल्या. तांड्यावर त्यांना मोतीबाईचा चष्मा घातलेला फोटो हवा होता. मोतीबाईनं काढू दिला. मग म्हणाली, "आता माझं ऐका. तुमी पैसे दिले, तुमचे उपकार हायेत. पन शाळंत बोलवत जाऊ नका. बाजारात या, तांड्यावर या. आन् तपासनारी एक बाई ठेवा. लई बाया पुरुषाला डोळ्याला हात लावू देत न्हाईत, म्हनून परत जातात." पाहुण्या बाईंनी वहीत लिहून घेतलं. पुढच्या वर्षीची देणगी आली, तिच्यात तपासणाऱ्या बाईचा पगार होता.

आज देविदासराव एकसष्ट वर्षांचे आहेत. आठवड्यातले चार दिवस ते संस्थेच्या कामावर असतात. विहिरीचा कठडा, अंगणवाडीचं छत, काहीही असो, चुकीच्या जागी बसलेलं त्यांना चालत नाही आणि ते तसं सांगतात. आवाज तेवढाच मोठा आहे. पण कुणी काही विचारलं की आधी त्या माणसाकडे वळतात, मगच उत्तर देतात. नर्मदाबाईच्या हे लक्षात आलं आहे, ती बोलून दाखवत नाही.

परवा कळमनुरीकडच्या एका तांड्यावर तपासणी होती. मोतीबाई गेली होती. ती आता संस्थेची स्वयंसेवक आहे. फॉर्मवर तिनं अंगठा नाकारला आणि निताकडून शिकून नाव लिहिलं, निम्मं रकान्याबाहेर गेलं तरी पूर्ण लिहिलं. तांड्यावर ती घराघरात शिरली, आपल्या गोरमाटी बोलीत हसत-रागवत बायकांना बाहेर काढू लागली. देविदासरावांना त्यातलं अक्षर कळत नव्हतं. त्यांच्याकडे भिंतीपाशी डोळे तपासायचा तक्ता धरून उभं राहायचं काम होतं.

"थोडा वर धर," मोतीबाई लांबून ओरडली. "तिकडं न्हाई. उजेडाकडं."

देविदासरावांनी तक्ता उजेडाकडे धरला. पहिली बाई पदर सावरत समोर येऊन उभी राहिली.