ओळखीची सही

मस्कतहून आणलेली साडी अंगावर होती, आणि मी अण्णांच्या मागीलदारी इसवण कापत बसले होते. एका सहीसाठी.

साडी मुद्दाम नेसले होते. बँकेचं काम, चार माणसांत नीट दिसायला हवं म्हणून. आता तिच्या काठाला माशाचं रक्त लागत होतं. पदर दातांत धरून मी खवले काढत होते. अण्णांची सून उंबऱ्यातून सांगत होती, तुकडे जाड नकोत, डोकं वेगळं ठेव. अण्णा पुढे पडवीत बसले होते. त्यांना घाई नव्हती.

मासे कापायची मला लाज नव्हती, आजही नाही. आम्ही गाबीत, मासेमारीवर जगणारे. माझी आये टोपली डोक्यावर घेऊन दारोदार फिरली. मी शाळेत असल्यापासून किनाऱ्यावरच्या लिलावात बोलायला शिकले. कुठे आवाज चढवायचा, कुठे पाठ फिरवून चालू लागायचं, कुठे हसायचं. व्यापारी म्हणायचे, हे चेडू काय भाव सोडूचा नाय. मला ते आवडायचं. लाज वेगळीच होती. आयुष्यात पहिल्यांदा मी भाव न ठरवता काम करत होते.

नवरा मुंबईला गेला आणि तिथेच दुसरा संसार मांडून राहिला. मी रडत बसले नाही. कुडाळच्या एका बाईच्या ओळखीने मस्कतला गेले, कामगारांच्या खानावळीत स्वयंपाकाला. मालकाचा बाजार मी करू लागले, तिथल्या मासळीवाल्याशी हातवाऱ्यांनी भांडून. मालकाला कळलं, ही बाई चुलीपाशी ठेवून चालणार नाही, गल्ल्यावर बसवायला हवी. पगार वाढला. पण पैसे घरी पाठवायचे कसे? सुट्टीवर निघालेल्या माणसाच्या हातात द्यायचे आणि तो गावाला पोचेपर्यंत जीव टांगणीला लावायचा. म्हणून पहिल्या सुट्टीत ठरवलं, गावच्या शाखेत खातं काढायचं. माझ्या नावाचं. मी तिकडे मिळवीन आणि ते इथे माझ्या नावावर पडून राहील.

बँकेतल्या साहेबाने विचारलं, "परदेशातलं खातं? कोणाचं, मिस्टरांचं?"

"नाही. माझं."

"तिकडे काय करता?"

"स्वयंपाक."

तो शेजारच्या टेबलाकडे बघून हसला. "घ्या, आता आपल्याकडे अशा पण एनआरआय येणार."

शेजारचाही हसला. मी ऐकून घेतलं. पहिला भाव कोणी का पाडतो, ते मला ठाऊक होतं. पण हा भाव पाडत नव्हता. त्याला खरंच हसू आलं होतं.

मग म्हणाला, ओळख लागेल. बँकेच्या जुन्या खातेदाराने सही करायची, की या बाईला मी ओळखतो. आमच्या खालच्या वाडीत एकाच म्हाताऱ्याचं खातं होतं. त्याला घेऊन गेले. साहेबाने त्याच्या लुंगीकडे पाहिलं आणि मला म्हणाला, "अहो, पण यांना कोण ओळखतं? कोणीतरी प्रतिष्ठित आणा."

म्हातारा माझ्यापुढे मान खाली घालून बाहेर पडला. वाटेत म्हणाला, "माका कित्याक न्हेलंस गो?"

म्हणून मी अण्णांकडे गेले. वरच्या वाडीतले अण्णा. आमच्या वाडीतली घरं उभी आहेत ती जमीन त्यांच्या घराण्याची. खळ्यात, म्हणजे त्यांच्या अंगणात, उभी राहिले. अण्णा म्हणाले, "काय गो, बँकेत खाता काढतंस? बरां केलंस. सायब माझ्या घरचो. माझी सही बघल्यान की काय एक इचारूचो नाय. पण आज ही इसवण इलीहा आणि तुझी आये अजून येवक नाय. तू जरा मागीलदारी बस, कापून दी."

मी बसले. का बसले? सही हवी होती. आणि आये त्या दारात आयुष्यभर अशीच बसत आली होती.

काम झाल्यावर हात धुऊन पुढे आले. अण्णांनी सही केली. मी हात पुढे केला, तर त्यांनी कागद पायरीवर ठेवला. वर पेन ठेवलं, उडू नये म्हणून.

"खालसून घे. हात ओले आसत तुझे."

माझे हात कोरडे होते.

खातं झालं. मी मस्कतला परत गेले आणि पैसे पाठवू लागले. साठतील तसे मुदत ठेवीत टाकायला सांगितले. दुपारी खानावळीत सगळं निजलं की मी मनातल्या मनात त्या ठेवीकडे जाऊन यायचे, जसं कोणी देवळात जातं तसं. त्या पैशांतून जमीन घ्यायची, छोटी, पण दुसऱ्या कोणाची नसलेली. हे मी आयेलाही सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या सुट्टीत आले ती मार्चमध्ये. ठेवीची मुदत भरली होती. ती पुन्हा ठेवायला बँकेत गेले. आये सोबत होती, ती सवयीने केबिनच्या दाराशी जमिनीवर बसली. साहेब तोच. पण त्याने मला आत केबिनमध्ये बोलावलं, खुर्ची दिली, चहा सांगितला. माझे कान टवकारले. गिऱ्हाइकाला बसायला कधी द्यायचं असतं, ते मी पण जाणते.

आत अण्णा आधीच बसले होते.

साहेबाने कागद पुढे सरकवले. सह्यांच्या जागी पेन्सिलीने फुल्या मारून ठेवल्या होत्या. "इथे, इथे आणि मागे एक. ठेव तुमच्याच नावावर राहील."

"पण ह्या कसल्या सह्या?"

"अण्णांचा पुतण्या पर्यटकांसाठी लॉज बांधतोय. त्याच्या कर्जाला तारण. फॉर्मॅलिटी असते हो."

"आणि त्यानं हप्ते भरले नाहीत तर?"

साहेब अण्णांकडे बघायला लागला. अण्णा म्हणाले, "असां कसां होतला? माझो शब्द आसा."

"मगे तुमची जमीन ठेवा तारण."

"जमीन? अगो, ती वाडवडलांची."

"आणि ह्यो पैसो माझ्या हातांचो."

अण्णांचं हसू गेलं. "तुझ्या खात्याक ओळख कोणाची आसा, इसारलंस? मी सही काढून घेतलंय तर काय करतलंस?"

मी साहेबाकडे वळले. तो चहाच्या कपात बघत होता. म्हणजे अण्णांचं बोलणं पोकळ होतं. खरं असतं, तर त्याने लगेच मान डोलावली असती.

तेवढ्यात अण्णांनी दुसरं काढलं. शांतपणे. "आणि तुझां घर कोणाच्या जमनीत आसा?"

आयेने ते दारातून ऐकलं. ती उठून आत आली. अण्णांपुढे हात जोडून उभी राहिली आणि मला म्हणाली, "बाय, सही कर गो. आमका हय रवाचा आसा."

तिचे ते जोडलेले हात. माशाच्या काट्यांनी चिरलेले. माझ्या डोक्यात काहीतरी तडकलं.

मी उठले. केबिनचं दार उघडं होतं, बाहेर रांग होती. मी किनाऱ्यावरच्या आवाजात बोलले, पण शुद्ध मराठीत, साहेबाला कळावं म्हणून. "साहेब, माझं खातं बंद करायचं असेल तर आत्ता करा. आणि कागदावर लिहून द्या, की तारणाला सही केली नाही म्हणून या बाईचं खातं बंद केलं. मी तो कागद घेऊन मालवणला जाते. तिथे बँका काय कमी नाहीत. आमच्या वाडीतल्या ज्या पोरांचे पैसे आखातातून येतात, ती पण येतील माझ्यासोबत."

"हळू बोला बाई. गैरसमज करून घेऊ नका."

तो घाबरला होता. मार्च चालू होता. वरच्यांना ठेवींचा आकडा दाखवायचा होता, आणि त्यासाठी हाच साहेब महिनाभरापूर्वी आमच्या वाडीत वाळू तुडवत घरोघर फिरला होता, आयेने सांगितलं होतं. तिथे त्याने कोणालाच विचारलं नव्हतं, तुम्हाला कोण ओळखतं.

त्याने तारणाचे कागद खणात टाकले आणि ठेव पुन्हा माझ्या नावावर करून दिली. अण्णा माझ्याकडे न बघता निघून गेले. मी जिंकले, असं मला घरी पोचेपर्यंत वाटत होतं.

दोन दिवसांत अण्णांच्या माडांच्या बागेतून विहिरीकडे जाणारी वाट काटे टाकून बंद झाली. वाडीतल्या सगळ्या बायका त्या वाटेने पाणी आणत. आता किनाऱ्याने वळसा घालून, वाळूत पाय रुतवत दुसऱ्या विहिरीवर जायचं. दुसऱ्या दिवशी शेजारीण घागर उतरवताना मला ऐकू जाईल अशी म्हणाली, "मस्कतवालीचो माज, आणि कंबर आमची."

आयेने माझ्याशी बोलणं टाकलं. मी समोर बसले, समजावू लागले. तिने एवढंच म्हटलं, "तू इमानात बसान मस्कताक जातलंस. पाणी मी भरतलंय."

खरं होतं ते. बाहेर राहून ताठ उभं राहणं सोपं असतं.

जायच्या आदल्या दिवशी अण्णांचा गडी निरोप घेऊन आला. खळ्यात उभा राहून म्हणाला, "अण्णांनी सांगल्यानी, अर्धीच ठेव ठेव तारण. उद्याच वाट मोकळी करतत."

अर्धी. आयेने मान वर करून माझ्याकडे पाहिलं, कितीतरी दिवसांनी. शेजारणीही दारात आल्या. सगळ्यांना वाटलं, आता ही तुटेल. ही तर घासाघीस करणारी बाई. शंभर सांगितले तर साठला येणारी. मलाही क्षणभर तसंच वाटलं. जीभ सवयीने हलली. पण आधी ते आकडा सांगणार, मग मी उतरवणार, मग मधे कुठेतरी आम्ही भेटणार, म्हणजे हा माल विकायला काढलाय हे मी कबूल केल्यासारखं. अर्धी ठेव दिली की सगळीच त्यांची. उरलेली फक्त मागायची राहिली.

मी गड्याला सांगितलं, "अण्णांका सांग, ही इकाची नाय. अर्धी नाय, पाव नाय. परत इचारूक येव नको."

आयेने तोंड फिरवलं आणि घागर उचलली.

मी तिला थांबवलं नाही. ती वाळूतून चालत गेली, ते मी दारात उभी राहून पाहिलं, शेवटपर्यंत. मस्कतमध्ये ते मला रोज दिसणार. दिसू दे. जमीन होईल तेव्हा होईल, आये बोलेल तेव्हा बोलेल, कदाचित बोलणारही नाही. पण त्या कागदावर माझी सही होणार नाही. आणि यापुढे मी कोण आहे, हे सांगायला मी कोणाच्याही खळ्यात जाऊन उभी राहणार नाही.