आटलेल्या तलावातली नेमबाजी

मी आन् शहादेव, आमी दोघं सहकारी साखर कारखान्याचे वॉचमन. दुष्काळात ऊस वाळला, कारखाना बंद पडला, आन् रिकामपणी छऱ्याच्या बंदुकीनं नेमबाजीचा नाद लागला. जागेसाठी पायताणं झिजवली मी. गायरानात गुरं, वनखात्याच्या रानात मनाई. आन् जागा घावली शहादेवला! आटलेला सरकारी पाझर तलाव. समोर उंच बांध, छर्रे मातीत रुततात, माणूस फिरकत न्हाई. ग्रामपंचायतीनं त्याला परवानगी बी दिली. आता गाव मागच्या काठावर बसून त्याचंच कौतुक करतंय. माझा नुसता जळफळाट.

परवा पावसासाठी धोंडी निघाली. लिंबाचा पाला नेसलेल्या माणसावर लोकांनी तांब्या-तांब्या पाणी ओतलं. मी टँकरची अख्खी घागर उपडी केली.

शहादेव गहिवरला, "गावाची लई काळजी हाय बे तुला!"

मी म्हणलं, "एकदाचा तलाव भरू दे."