खंड्या आला नाही

हे मी आजवर कुणापाशी बोललो नाही. बायकोपाशीही नाही – आणि तिच्यापासून लपवावं असं माझ्या आयुष्यात दुसरं काही नाहीच. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही दिलीपला ओळखत नाही, एवढंच असेल.

रहिमतपूरजवळच्या एका शाळेत मी कॉम्प्युटर शिकवतो. बावीस वर्षं झाली. शाळेत कुठलंही मशीन अडलं की "सरांना बोलवा" – आणि सर म्हणजे मी, हे कुणाला विचारावं लागत नसे. मग दिलीप नवा शिक्षक म्हणून आला. माण तालुक्यातला, मेंढरांमागं हिंडणाऱ्या घरातला पहिला शिकलेला. दोन महिन्यांत पोरं त्याच्याभोवती. मला दादा म्हणायचा. मनापासून म्हणायचा – तेच तर टोचायचं.

त्यानं एक गेम केला. ब्राउझरमध्ये उघडायचा, कोडी सोडवत पुढं जायचं. त्यात तिघं – एक म्हातारा मेंढपाळ, एक मेंढी आणि खंड्या नावाचं कुत्रं. म्हाताऱ्याला फाटक ढकलता येतं, मेंढीला कडा चढता येतो, खंड्या बिळासारख्या वाटेतनं पलीकडे जाऊन अडसर काढतो. एका वेळी एकालाच चालवायचं. बाणांनी चालायचं, स्पेसबारनं उडी, आणि एस दाबलं की दुसऱ्याची पाळी. एकटा कुणीच पोचत नाही. मधल्या सुट्टीत पोरं डबे न उघडता खेळायची. मी बाहेर व्हरांड्यात उभा राहून त्यांचा दंगा ऐकायचो. इतक्या वर्षांत माझ्या तासाला असा दंगा कधी झाला होता?

कराडला शिक्षकांनी केलेल्या शैक्षणिक साहित्याचं प्रदर्शन होतं, परीक्षक येऊन नंबर काढणार होते, आणि दिलीपचा गेम तिथं मांडायचा होता. "दादा, कुठलं बटण कशाला ते मराठीत तुम्हीच लिहा, तुमचं टायपिंग झ्याक हाय," दिलीप म्हणाला. सकाळी तिथल्याच मशीनवर मी ते टाइप केलं, छापलं, टेबलाला चिकटवलं. मग सहज गेम उघडला. बाण चालले. उडी चालली. एस दाबलं – पाळी म्हाताऱ्याचीच राहिली, खंड्या काही येईना. पुन्हा दाबलं. नाहीच.

मग पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात पाहिलं. कीबोर्ड मराठीतच राहिला होता. तसा राहिला की त्या बटणातून इंग्रजी एस उमटतच नाही, आणि गेम तर त्याचीच वाट बघत असतो. अल्ट आणि शिफ्ट एकदम दाबायचं, की झालं. पोरांना पहिल्या आठवड्यात शिकवतो मी हे. माझा हात तिकडं गेलाही होता – इथवर ती नुसती चूक होती, हे मला नीट आठवतंय.

तेवढ्यात दारातून दिलीप आला, वडिलांचा हात धरून. आण्णा – लाल फेटा, खांद्यावर घोंगडी – पहाटेपासून दोन एसट्या बदलून आलेले, लेकानं काय केलंय ते बघायला.

माझे वडील फौजेतून निवृत्त होऊन तेरा वर्षं घरी होते. शाळा घरापासून चालत दहा मिनिटं. माझ्या लॅबची पायरी त्यांनी एकदाही चढली नाही. हे सबब म्हणून सांगत नाही – त्या क्षणी मला काय आठवलं, तेवढंच सांगतोय. मी हात मागं घेतला. उठलो, खुर्ची आण्णांना दिली.

दिलीपनं त्यांचं बोट धरून बाणांवर ठेवलं. म्हातारा फाटकापर्यंत चालत गेला. आण्णा लहान पोरागत हसले. "आता कुत्र्याची पाळी," दिलीप म्हणाला. "हे बटण दाबा, आण्णा." त्यांनी दाबलं. काही नाही. दिलीपनं दाबलं, गेम बंद करून पुन्हा उघडला, पुन्हा दाबलं. मागं रांग लागली होती.

आण्णांनी दोन बोटं तोंडात घालून भर हॉलमध्ये शिट्टी मारली. "खंड्या! ये रं!"

सगळे हसले.

"आमचं एका शिट्टीत येतंय," ते म्हणाले. "तुजं लय शिकल्यालं दिसतंय गड्या, मालकाला वळखंना." हशा वाढला. दिलीप कानापर्यंत लाल झाला. मग आण्णा माझ्याकडे वळले. "मास्तर, तुमी बघा की जरा. तुमाला येतंय न्हवं?"

मी वाकलो. एस दाबलं. दोनदा. कोपऱ्यात मराठी लिहिलेलं दिसत होतं मला – आणि मी मान हलवली. "न्हाई आण्णा. गेममधेच काहीतरी राहिलंय."

राहिलंय म्हणालो मी. परीक्षक ऐकत होते. आण्णा ऐकत होते. त्यांनी लेकाच्या पाठीवर हात ठेवला, आणि तिघं परत निघालो.

सोमवारी दिलीप लॅबमध्ये आला. "दादा, हितं चालतंय की ओ!" मी म्हणालो, मशीन बदललं की होतं असं कधीकधी. त्यानं मान डोलावली. वर माझीच माफी मागितली – माझी टायपिंगची मेहनत वाया गेली म्हणून.

पुन्हा त्यानं गेम केला नाही. पुढच्या वर्षी बदली मागून जतकडे गेला, आता गणित शिकवतो. आण्णा त्या बदलीच्या आधीच वारले. दिवाळीला त्याचा फोन येतो – "दादा, तब्येत बरी हाय न्हवं?" मी बरी आहे म्हणतो.

गेम लॅबच्या एका मशीनवर अजून आहे. एकदा सुट्टीच्या दिवशी मी तो शेवटपर्यंत खेळलो. मला दोन तास लागले. शेवटच्या कुंपणाशी तिघं एकत्र येतात, म्हातारा घोंगडी अंथरून बसतो, खंड्या त्याच्या पायाशी. वर मोठ्या अक्षरांत येतं – 'आण्णा, पोचलो आपण.'

आण्णांना वाचता येत नव्हतं. ते वाचून दाखवायलाच दिलीपनं त्यांना माणहून कराडला बोलावलं होतं.