चार बोटं खाली

सायकलींच्या त्या सहलीत त्याला सगळे शेपूट म्हणायचे. नाव ठेवलं होतं पुढाऱ्यानं. पुढारी म्हणजे सगळ्यात पुढे सायकल चालवणारा गाईड. जन्मात कधी निवडणुकीला उभा राहिला नाही, पण भाषणाची हौस दांडगी, म्हणून तो पुढारी. आणि जो सगळ्यात मागे, तो शेपूट. बेटाच्या एका किनाऱ्यावरून निघायचं, मधला डोंगर ओलांडायचा आणि सहाव्या दिवशी पलीकडच्या किनाऱ्यावर दीपगृहापाशी पोचायचं, अशी ती सहल. दहा-बारा पाहुणे, सामानाला आणि दमलेल्यांना एक व्हॅन, आणि नियम एकच: शेपटाच्या मागे कुणी राहता कामा नये. कुणी फोटोला थांबलं की शेपूट थांबणार. कुणी झाडामागे गेलं की शेपूट दुसरीकडे तोंड करून उभा राहणार. पुढारी वळणावळणावर खडूनं बाण काढून जायचा आणि शेवटचा पाहुणा वळला की शेपूट तो बाण बुटानं पुसायचा. नाहीतर त्या बाणामागून कोण कुठे जाईल याचा नेम नाही.

अशी वर्षानुवर्षं काढली की माणसाला लोकांच्या पाठी ओळखू यायला लागतात. तोंडं संध्याकाळी दिसायची, तीही दमलेली. दुपारच्या जेवणाला हा पोचायचा तेव्हा वरातीमागून घोडं ठरलेलं. बाकीच्यांची जेवणं उरकलेली, ताटं बाजूला सारलेली, कुणी केळं सोलतंय, कुणी बुटाच्या नाड्या बांधतंय. ‘बसा ना आमच्यात!’ असं कुणीतरी म्हणायचं, आणि म्हणता म्हणता उठायचं. मग हा लांबलचक टेबलाच्या एका टोकाला, दुसऱ्यांच्या उष्ट्या ताटांच्या शेजारी, थंड भात जेवायचा. कुणाचं चुकत होतं असं नाही. घाई सगळ्यांनाच असते.

घरी तरी काय होतं? कंपनीच्या गोदामावरची एक खोली. खाली सायकली, म्हणून वर कायम रबराचा आणि चेनच्या तेलाचा वास. एक खाट, एक शेगडी, दोन खुर्च्या, आणि त्यातल्या एकीवर जुने टायर रचलेले. बायको होती, चांगली धडधाकट होती, भांडणतंटा काही नव्हता. लेकीच्या बाळंतपणाला म्हणून ती लेकीच्या गावी गेली, मग नातीला सांभाळायला राहिली, मग नात शाळेत जायला लागली तरी राहिली. रविवारी तिचा फोन यायचा. ‘जेवलात का?’ ती विचारायची. हा ‘हो’ म्हणायचा. ‘बरं,’ ती म्हणायची. एवढ्यात संसार उरकायचा. तिला बोलवावं, असं त्याला कितीदा वाटलं, पण बोलावणं त्याच्या जिवावर यायचं. मागे राहायची सवय झालेल्या माणसाला ‘थांबा’ म्हणून हाक मारता येत नाही, हे त्याचं खरं दुखणं होतं.

त्या खेपेला पाहुण्यांत एक चष्मेवाल्या बाई होत्या. साठीच्या आसपासच्या, ठेंगण्या, गळ्यात दोरीला बांधलेला चष्मा. शहरात त्यांचं चष्म्याचं दुकान होतं, ते मुलाच्या ताब्यात देऊन त्या पहिल्यांदाच एकट्या कुठे निघाल्या होत्या. निघायच्या दिवशी गोदामाच्या अंगणात हा एकेकाच्या मापानं सीट बसवत होता, तेव्हा बाईंनी आल्या आल्या जाहीर केलं, “भाऊ, मी त्या व्हॅनला हातसुद्धा लावणार नाही, आधीच सांगते.”

“का हो ताई? व्हॅननं काय घोडं मारलं तुमचं?”

“माझ्या जाऊबाई म्हणाल्या, ‘तू कसली बेट ओलांडतेस, अर्ध्यातनं व्हॅनमध्ये बसशील.’ तीस वर्षं त्यांचं ऐकून घेतलंय मी. आता हे एवढं ऐकून घेणार नाही. या टोकापासून त्या टोकापर्यंत माझ्या पायांनी जाणार.”

त्यांनी सीट मात्र अगदी खाली घ्यायला लावली. दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत म्हणाल्या, नाहीतर भीती वाटते. सायकल बऱ्याच वर्षांनी चालवणारे सगळे हेच म्हणतात. सीट खाली असली की पाय टेकतात खरे, पण चालवताना गुडघा पुरता सरळ होत नाही, जोर लागत नाही, आणि सगळा भार गुडघ्यावर येतो. हे घाबरलेल्या माणसाला समजावून उपयोग नसतो. म्हणून शेपटाची एक युक्ती होती. पहिल्या दिवशी पाहुणा म्हणेल तसं करायचं. मग रोज सकाळी चाकात हवा भरताना, कुणाला काही न सांगता, सीट बोटभर वर घ्यायची. तीन-चार दिवसांत सीट जागेवर यायची, माणूस सुसाट सुटायचा आणि संध्याकाळी सगळ्यांना सांगायचा, बघा, माझ्या पायांत कशी ताकद आली! शेपूट मान डोलवायचा. पाहुण्याला खोटं ठरवून त्याला काय मिळणार होतं?

पहिल्या दिवशी बाई अर्थातच सगळ्यांच्या मागे पडल्या, आणि शेपूट त्यांच्या मागे. नारळाच्या बागांमधून सपाट रस्ता होता, उकाडा मी म्हणत होता, आणि बाई बोलत होत्या. मागे न बघता, हवेला सांगितल्यासारखं, पण त्यालाच. एका गिऱ्हाइकानं नवा चष्मा दुसऱ्या दिवशी परत आणला. का, तर या चष्म्यातून बायको म्हातारी दिसते, जुनाच नंबर घाला. हे ऐकून शेपूट इतका हसला की त्याचा तोल जाऊन तो गवतात उतरला. एवढ्यानंही बाई थांबल्या, मागे वळल्या आणि म्हणाल्या, “लागलं का?” पाहुण्यानं त्याच्यासाठी थांबण्याची ही पहिली वेळ.

दुपारी ते दोघं एकदमच जेवणाला पोचले. ताटं सरली होती, लोक उठत होते, भात थंड होता. पण समोर माणूस बसलं होतं. बाईंनी त्याच्या ताटात आपल्यातलं अर्धं अंडं टाकलं आणि म्हणाल्या, “तुमचाही नंबर वाढलाय हां. पाटी वाचताना डोळे बारीक करता.” त्याला इतकं बरं वाटलं की त्या दिवशी तो दोनदा भात जेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो हवा भरायला बसला. बाईंच्या सायकलपाशी आला, सीटखालचा खटका सैल केला, आणि हात तिथेच राहिला. आज बोटभर वर घेतली की उद्या आणखी बोटभर, आणि परवा बाई घोळक्यात. मग मागे कोण? कानात गाणी खुपसून चालवणारा कुणीतरी. त्यानं इकडेतिकडे बघितलं, खटका होता तिथेच परत आवळला आणि पुढच्या सायकलकडे गेला. गैरसमज नको, मनात तसलं काही नव्हतं. त्याला फक्त बोलायला माणूस हवं होतं. भुकेल्यानं दुसऱ्याच्या पिशवीतली भाकरी काढून घ्यावी तसं झालं, आणि चोरी ती चोरीच.

दोन दिवस फार सुखाचे गेले. त्यानं बायकोचं सगळं सांगितलं, जे पुढाऱ्यालाही माहीत नव्हतं. बाईंनी विचारलं, “मग तुम्ही का नाही गेलात तिकडे?”

त्यानं आधी वळणावरचा खडूचा बाण बुटानं पुसला. मग म्हणाला, “मला कुणी ये म्हटलं नाही.”

“आणि तुम्ही तिला परत ये म्हटलंत?”

“नाही.”

“छान!” बाई म्हणाल्या. “दोघांचाही एकच नंबर.”

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मुक्कामाच्या ओसरीवर बाई गुडघ्याला मलम चोळत बसलेल्या त्यानं पाहिल्या. उजवा गुडघा सुजला होता. “वयच झालं, दुसरं काय,” त्या हसून म्हणाल्या. “तुम्हाला माझ्यामुळे रोज उशीर होतो हो.” त्याला मन खायला लागलं. पण बोलला काय? “होतं कधीकधी.” दुसऱ्या दिवशी घाट होता. सकाळी त्यानं पुन्हा खटका सैल केला, पुन्हा मनाशी म्हणाला, घाट झाला की करू, चढावर नवी उंची कशाला. आणि पुन्हा आवळला. आजचं मरण उद्यावर ढकलणारा माणूस स्वतःला पटेल असं कारण बरोबर शोधून काढतो.

घाटाच्या निम्म्यावर बाईंचा गुडघा संपला. त्या कठड्यावर बसल्या. पुन्हा उठल्या, चार वळणं सायकल हातात धरून लंगडत चालल्या, पुन्हा बसल्या. सामान भरून मागाहून निघालेली व्हॅन येऊन थांबली. ड्रायव्हर खाली उतरला आणि हळूच म्हणाला, “काका, सांगा ना त्यांना. पाय कायमचा जायचा.”

“ताई, बसा व्हॅनमध्ये,” शेपूट म्हणाला.

“नाही.”

“ताई...”

“नाही म्हटलं ना!” त्या ओरडल्या, आणि मग ओरडल्याची लाज वाटून त्यांनी चष्मा पुसायला काढला. बराच वेळ पुसत राहिल्या. मग उठल्या आणि व्हॅनच्या पुढच्या सीटवर जाऊन बसल्या. सायकल त्यानं आणि ड्रायव्हरनं मागे चढवली. जाताना बाई समोर बघत होत्या, बाजूला बघितलं नाही त्यांनी.

उरलेला घाट शेपूट एकटा चढला. पुढे कुणाची पाठ नाही, मागे तर कधीच कुणी नव्हतं. दोन्ही बाजूंना हिरवंगार रान, केळीची पानं एवढाली, आणि घामानं डोळे चुरचुरत होते. आपण त्या बाईंचं काय घेतलं ते त्याला चांगलं कळत होतं. घाट काही परत येणार नव्हता. त्या पुन्हा या बेटावर येणार नव्हत्या, आणि आल्या तरी तोच गुडघा घेऊन येणार नव्हत्या. वर पोचल्यावर खडूचा शेवटचा बाण पुसायचा तो विसरला, म्हणून पुढाऱ्यानं चार शब्द सुनावले. शेपटानं ते मुकाट्यानं ऐकून घेतले, उलट आणखी चार सुनावले असते तर चाललं असतं.

पाचव्या दिवशी सकाळी त्यानं बाईंची सीट एकदम चार बोटं वर घेतली. बाई म्हणाल्या, आजचा उतार आहे तेवढा बघते, नाही जमलं तर आहेच आता व्हॅन, लाज एकदा गेली ती गेली. त्या सायकलवर बसल्या, डळमळल्या, पाय टेकेना म्हणून किंचाळल्या. शेपटानं मागून सीट धरून ठेवली. मग त्यांनी पेडल मारलं. पाय सरळ झाला. दुसरं मारलं. गुडघा ओरडला नाही, हे त्यांच्या पाठीवरूनच त्याला दिसलं. त्यानं हात सोडला. पहिल्या वळणाला त्या त्याच्यापासून दहा हात पुढे होत्या, दुसऱ्याला दिसेनाशा झाल्या.

त्या दिवशी त्याच्या पुढे कानात गाणी खुपसलेला एक पाहुणा होता. दुपारी हा जेवायला पोचला तेव्हा बाई घोळक्यात बसून चष्म्याचा तोच किस्सा सांगत होत्या आणि सगळं टेबल खदखदून हसत होतं. त्यांनी याला बघून हात केला. मग पुढाऱ्यानं शिट्टी वाजवली आणि सगळे उठले. शेपटानं भात वाढून घेतला आणि खाल्ला नाही.

शेवटच्या दिवशी दीपगृहापाशी फोटो झाले, गळाभेटी झाल्या, पुढाऱ्यानं भाषण ठोकलं. सगळे समुद्रात पाय बुडवायला धावले. हा सायकली पुसत बसला होता. बाई त्याच्याकडे आल्या. वाकून सायकलच्या सीटखालची दांडी बघत राहिल्या. गळ्यातला चष्मा डोळ्यांना लावला. वरच्या भागावर धुळीचा आणि चिखलाचा थर होता, मग एक रेघ, आणि रेघेखाली चार बोटं दांडी कोरी, लखलखीत. इतके दिवस सायकलच्या नळीत बुडून राहिलेली.

“भाऊ, चष्मा नाकावर केसभर खाली बसला तरी माणसाचं डोकं दुखतं,” त्या म्हणाल्या. “हे तर चार बोटं आहे. हे आधी का नाही केलंत?”

सांगायला कारणं ढीगभर होती. तुम्हीच खाली मागितली होती. रोज थोडी थोडी घ्यायची असते. गर्दीत राहून गेलं. ड्रायव्हर, पुढारी, मालक, कुणीही यातलं एखादं पटवून घेतलं असतं. शेपटानं फडकं खाली ठेवलं.

“रोज घेतो मी वर, सगळ्यांची,” तो म्हणाला. “तुमची नाही घेतली. तुम्ही पुढे निघून गेला असता.”

बाईंनी चष्मा डोळ्यांवरून काढला. त्याला वाटलं, आता चिडतील. चिडाव्यात असं त्याला मनापासून वाटत होतं. मालकाकडे तक्रार करतील, घाटाचा जाब विचारतील. यातल्या प्रत्येकाला त्याच्याकडे उत्तर होतं: चुकलो. ते तो दोन दिवस घोकत होता.

“अहो, मग म्हणायचंत ना नुसतं,” बाई म्हणाल्या. “ताई, जरा हळू चालवा, माझ्याबरोबर चला. मी चालवली असती.”

शेपटानं खाली ठेवलेलं फडकं पुन्हा उचललं. बंदराकडे जाणाऱ्या बसनं भोंगा वाजवला. बाईंनी पिशवी उचलली, जराशा लंगडतच बसकडे गेल्या, आणि त्या चढत असताना कुणीतरी वरून त्यांना हात दिला.